मुंबईत नवे आहात? आधी गच्चीची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा

मी अकोल्याची. आमच्याकडे डास म्हटलं की पहिला संशय कूलरवर. उन्हाळाभर कूलरच्या टाकीत पाणी, आणि दर शनिवारी आईची हाक, "टाकी रिकामी केली का गं?" मुंबईत नोकरी लागली तेव्हा मी म्हटलं, सुटले. इथे कूलर नाही, अंगणात हौद नाही, राहायला तिसरा मजला. डास येणार कुठून?

जुलैत आले आणि ऑगस्ट संपायच्या आत मलेरियाने आडवी झाले. दिवाळीच्या तोंडावर पुन्हा एकदा. त्या दुसऱ्या खेपेचा दोष डासांना देता येत नाही, तो माझा होता. त्याबद्दल शेवटी लिहिते. तेव्हा मी चेंबूरच्या एका जुन्या सोसायटीत भाडेकरू होते, आज त्याच सोसायटीच्या कमिटीवर आहे. दर पावसाळ्यात कुणीतरी नवा भाडेकरू, नुकतीच लग्न होऊन आलेली सून किंवा कॉलेजसाठी आलेलं पोर मला तेच ते प्रश्न विचारतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

मुंबईची एक गोष्ट आधी समजून घ्या. इथे बहुतेक ठिकाणी पालिकेचं पाणी ठरावीक वेळेलाच येतं. ते जमिनीखालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून तुमच्या नळाला उतरतं. म्हणजे प्रत्येक इमारतीच्या डोक्यावर आणि पायाखाली स्वच्छ, स्थिर पाण्याचा साठा. शहरातल्या मलेरियाच्या डासाला नेमकं हेच लागतं. डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाची पाहणी करून १९११ साली अहवाल दिला, तेव्हा त्यांचंही बोट विहिरी आणि टाक्यांकडेच होतं. शंभरावर वर्षं झाली. विहिरी बऱ्याचशा बुजल्या किंवा झाकल्या गेल्या, टाक्या मात्र वाढत गेल्या.

हाताशी काय हवं

- टॉर्च. मोबाइलचा चालतो, पण टाकीवर वाकताना मोबाइल खिशातून पाण्यात गेल्याची दोन उदाहरणं आमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत.
- पांढरी वाटी किंवा लांब दांड्याचा डाव. पांढऱ्यावर अळ्या पटकन दिसतात.
- भांडी घासायचा काथ्या किंवा जुना ब्रश.
- बारीक नायलॉनची जाळी, कात्री, केबल टाय किंवा तार.
- एक वही. तिचं काम पुढे येईल.

१. कोणता डास आहे, ते आधी बघा

तीन डास ओळखता आले पाहिजेत. तिघांचं पाणी वेगळं, चावायची वेळ वेगळी.

ॲनॉफिलिस हा मलेरियाचा. शहरात त्याची ॲनॉफिलिस स्टिफेन्साय ही जात असते. टाकी, विहीर, कारंजं, बांधकामाचं साचलेलं पाणी, असं स्वच्छ पाणी तिला लागतं. दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो. भिंतीवर बसला की मागचा भाग वर उचलून तिरका बसतो, म्हणून जवळून बघितलं तर ओळखू येतो.

एडिस हा डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिकाचा. काळा, पायांवर पांढरे पट्टे. दिवसा चावतो, सकाळी आणि ऊन उतरताना जास्त. टाकी मिळाली तर बरंच, नाहीतर याला बाटलीचं झाकणही पुरतं. फार लांब उडत नाही. तो तुम्हाला घरात चावत असेल तर तो बहुधा तुमच्याच किंवा शेजारच्या घरात जन्मलेला आहे.

क्युलेक्स म्हणजे रात्री कानाशी गुणगुणणारा. गटार, नाला, संडासची टाकी, असलं घाण पाणी त्याला आवडतं. हत्तीरोग पसरवतो. सगळ्यात जास्त वैताग याचाच, आणि फसगत होते तीही इथेच. सगळे मिळून नाल्याकडे बोट दाखवतात आणि डेंग्यूचा डास त्यांच्याच खिडकीतल्या मनीप्लांटच्या बाटलीत वाढत असतो.

अंड्यापासून उडता डास व्हायला मुंबईच्या उकाड्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक "कोरडा दिवस" पाळा म्हणतात, त्यामागचं गणित एवढंच आहे. सात दिवसांच्या आत पाणी ओतलं की अळीला पंख फुटायला वेळच मिळत नाही. महिन्यातून एकदा कंबर कसून केलेली सफाई फोटोला छान दिसते, पण तोवर डासांच्या दोन-तीन खेपा उडून गेलेल्या असतात.

२. घर: रविवारची वीस मिनिटं

मी हे चहानंतर करते. क्रम ठरवून टाका, म्हणजे विसरायला होत नाही.

- कुंडीखालच्या ताटल्या. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात त्या काढूनच टाका.
- मनीप्लांट, बांबूचं रोप, देवघरातला तांब्या, फुलदाणी.
- खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये टाकलेल्या वस्तू: तुटका मग, रंगाचा रिकामा डबा, लादीचा तुकडा.
- एसीच्या पाइपाखाली ठेवलेली बादली किंवा कॅन.
- बाथरूममधलं पिंप. पाणी जाईल या भीतीने ते भरून ठेवायचं आणि वापरायचं मात्र नळाचं, ही आपली सवय. झाकण घट्ट हवं आणि आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं व्हायला हवं.
- फ्रिजच्या मागचा ट्रे.

हा शेवटचा ट्रे कुणालाच आठवत नाही. पहिल्या वर्षी मी घर लखलखीत ठेवलं होतं, तरी स्वयंपाकघरात उभं राहिलं की दुपारी घोट्याला चावे. रूममेट म्हणाली, खिडकीतून येत असतील. मी खिडकीला जाळी लावली, चावे चालूच. शेवटी चमचा फ्रिजखाली गेला म्हणून फ्रिज पुढे ओढला. मागे, कॉम्प्रेसरच्या वर, सिगारेटच्या पाकिटाएवढा ट्रे. त्यात बोटभर पाणी, आणि त्या बोटभर पाण्यात पंधरा-वीस अळ्या खाली-वर करत होत्या. कॉम्प्रेसरची ऊब, अंधार, स्वच्छ पाणी. आम्ही भाडं भरत होतो आणि फुकट राहत होते ते.

सापळा: पाणी ओतलं की काम झालं असं समजू नका. एडिसची मादी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला अंडी चिकटवते. ती सुकली तरी मरत नाहीत, कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून कडा काथ्याने घासायच्या. अळ्यांचं पाणी मातीत किंवा उन्हातल्या कोरड्या लादीवर ओता, दुसऱ्या बादलीत नको.

३. गच्ची आणि टाकी

खरं युद्ध इथे आहे, आणि त्याची सुरुवात किल्लीपासून होते.

दुसऱ्यांदा मलेरियातून उठल्यावर मी वॉचमनमामांना विचारलं, "मामा, गच्चीची किल्ली?" मामा म्हणाले, किल्ली सेक्रेटरीसाहेबांकडे. सेक्रेटरी काका म्हणाले, "अगं, ती प्लंबरकडे असते, त्याला सारखी लागते." प्लंबर म्हणाला, "मॅडम, मी तर वॉचमनकडे देऊन गेलो." तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी कळलं, किल्ली डिश टीव्हीवाल्याने नेली होती आणि परत द्यायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. कुलूप तोडलं.

टाकीचं झाकण बिडाचं, जुनं. बिजागरी तुटलेली, म्हणून वर एक वीट ठेवलेली आणि कडेला चार बोटं फट. मी टॉर्च मारला. पाणी नितळ, तळाची लादी दिसत होती. काका शिडीखालून म्हणाले, "बघ, काही नाही ना?" मीही तेच म्हणणार होते. पण सावली पडली की अळ्या तळाला जातात, हे कूलरच्या टाकीवरून मला ठाऊक होतं. टॉर्च तिरका धरून दोन मिनिटं गप्प उभी राहिले. मग कडेकडेने एकेक वर यायला लागल्या. एडिस, क्युलेक्सच्या अळ्या डोकं खाली करून लटकतात. या तशा नव्हत्या, पाण्याच्या पृष्ठावर आडव्या पडलेल्या, जिऱ्याहून बारीक. आडव्या म्हणजे ॲनॉफिलिस. बत्तीस घरं ते पाणी पीत होती.

काकांचं पहिलं वाक्य होतं, "पण टाकी मे महिन्यातच धुतली, पावती आहे माझ्याकडे!" काका माणूस अगदी सज्जन. पण पावतीला डास भीत नाहीत. टाकी धुणं वेगळं आणि टाकी बंद असणं वेगळं. धुतलेल्या टाकीला फट राहिली की आठवड्यात पुन्हा तेच.

टाकीवर काय बघायचं:

- झाकण सगळ्या बाजूंनी नीट बसतं का? झाकणाखाली कागद सरकत असेल तर डासही सरकतो. रबराची पट्टी लावून घ्या, बिजागरी तुटली असेल तर झाकणच बदला. वीट, फळी, ताडपत्री हे झाकण नव्हे.
- ओव्हरफ्लोचा पाइप आणि हवेचा पाइप. त्यांची तोंडं सगळे विसरतात. बारीक जाळी दुहेरी करून केबल टायने आवळा. कापड बांधलंत तरी चालतं, पण ते दोन-तीन महिन्यांत कुजतं.
- वर चढायला पक्की शिडी आहे का? शिडी नसेल तर तपासणी होत नाही, इतकं साधं आहे. पालिकेचे लोकही टाकीला शिडी आहे का ते बघतात.
- वापरात नसलेल्या जुन्या टाक्या. आमच्याकडे एक सिमेंटची टाकी पंधरा वर्षं रिकामी समजली जात होती. ती पावसाने भरलेली होती. अशा टाकीला तळाशी भोक पाडा किंवा ती काढून टाका.
- निळी ताडपत्री. गळतीसाठी गच्चीवर किंवा पत्र्यावर टाकतात, तिच्या घड्यांत पाणी साचतं. ताणून, उतार देऊन बांधा.
- गच्चीवरची पावसाच्या पाण्याची जाळी पानांनी बुजली आहे का?

ओल्या शिडीवर एकटं चढू नका. खाली कुणीतरी उभं हवंच.

आणि किल्ली. आता आमच्याकडे दोन किल्ल्या आहेत. एक वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला, दुसरी कमिटीच्या कपाटात. नेणाऱ्याने वहीत नाव आणि वेळ लिहायची. त्याच वहीत दर रविवारी टाकी कुणी बघितली तेही लिहिलं जातं. तुम्ही भाडेकरू असाल तर "तुम्ही कोण विचारणारे?" असं ऐकावं लागेल. मलाही ऐकावं लागलं. भांडू नका. "काका, मी येते तुमच्यासोबत, टॉर्च मी धरते," म्हणा. टाकीवर एकट्याने जायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो.

४. तळमजला

इथे पटकन फिरायचं. लिफ्टचा खड्डा, पंपाची खोली, पाण्याच्या मीटरचा चेंबर, जमिनीखालच्या टाकीचं झाकण, बेसमेंटचं पार्किंग. मग भंगार: टायर, नारळाच्या करवंट्या, थर्माकोलचे खोके, वर्षानुवर्षं उभी असलेली स्कूटर जिच्या फाटक्या सीटमध्ये पाणी राहतं. टायर ठेवायचाच असेल तर छपराखाली ठेवा.

गणपतीच्या आधी मांडवाचे बांबू येऊन पडतात. बांबूच्या कापलेल्या टोकाच्या पोकळीत पाणी साचतं आणि एडिसला ती जागा फार आवडते. मंडळाच्या पोरांना सांगून टोकांत माती किंवा वाळू भरून घ्या. पोरं ऐकतात, फक्त आरतीच्या आधी सांगा.

५. शेजारचं बांधकाम आणि पालिकेत तक्रार

स्लॅबवर मुरण्यासाठी सोडलेलं पाणी, तळघराचा खड्डा, पाण्याची उघडी पिंपं. शेजारी टॉवर उभा राहत असेल तर तुमचा रविवार तुमच्या कुंपणाशी संपतो. पुढे तक्रारच करावी लागते.

पालिकेची मदतवाहिनी १९१६. तक्रार नोंदवली की तक्रार क्रमांक मिळतो, तो वहीत लिहा. शिवाय तुमच्या वॉर्डच्या कार्यालयात कीटकनाशक विभाग असतो, तिथे लेखी अर्ज द्या. सोबत हे न्या:

- सोसायटीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचा अर्ज. चाळीत किंवा वस्तीत राहत असाल तर साध्या कागदावर चार-पाच घरांच्या सह्या.
- जागेचा नेमका पत्ता आणि ओळखीची खूण.
- साचलेल्या पाण्याचे तारखेसह फोटो.
- कुणी आजारी असेल तर त्यांना विचारून रक्ताच्या रिपोर्टची प्रत.
- अर्जाची दुसरी प्रत. तिच्यावर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

सापळा: "डास फार झालेत, काहीतरी करा" असं लिहू नका. मी पहिल्यांदा तसंच लिहिलं. एक जण मशीन घेऊन आला, गल्लीत धूर सोडून गेला, तक्रार बंद. दुसऱ्यांदा लिहिलं, "अमुक प्लॉटवर तळघराच्या खड्ड्यात पाणी साचलं आहे, त्यात अळ्या दिसतात, तपासणी करावी." तेव्हा माणसं आत जाऊन बघून आली. डासांची तक्रार केली की धूर येतो, पाण्याची केली की तपासणी. जागा रेल्वेची किंवा म्हाडाची असेल तर एक अर्ज त्यांच्या कार्यालयातही द्या.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३८१ खाली डासांची पैदास होईल असं पाणी साचू देणाऱ्याला नोटीस येते, ऐकलं नाही तर प्रकरण कोर्टात जातं. मात्र ही नोटीस फक्त बिल्डरसाठी नसते, सोसायटीलाही येते. आम्ही शेजाऱ्यांची तक्रार केली आणि तपासनीस आधी आमच्याच गच्चीवर चढले. दोन ड्रम सापडले. त्या दिवशी काका माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा आधी आपलं अंगण झाडा, मग अर्ज लिहा.

घरोघरी तपासायला येणाऱ्यांना इथे सगळे "मलेरियावाले" म्हणतात. ओळखपत्र बघा आणि आत येऊ द्या. ते तुमची फुलदाणी उलटी करतील, पिंपात वाकून बघतील. राग मानू नका. दिवसभरात त्यांच्या तोंडावर किती दारं आपटली जातात ते त्यांना विचारून बघा.

६. धूर, औषध, तेल, मासे

धुराचं मशीन आलं की पोरं मागे पळतात आणि मोठ्यांना समाधान वाटतं. तो धूर फक्त त्या क्षणी हवेत उडत असलेल्या डासांना मारतो, पाण्यातल्या अळ्यांना त्याचं काही वाटत नाही. रुग्ण सापडलेल्या जागी ताबडतोब डास कमी करायला धूर उपयोगी आहे. पण सोसायटीने दर आठवड्याला खासगी माणूस बोलावून पैसे धुरात घालवण्यापेक्षा टाकीचं झाकण बदलावं. आमच्या सर्वसाधारण सभेत यावर तासभर वाद झाला. ठराव झाकणाचा झाला, पण धूरवाल्यांचा गट अजून फुरंगटलेला आहे.

अळीनाशक टेमेफॉस आणि बीटीआय हे जिवाणूंपासून केलेलं औषध, दोन्ही पालिकेचे लोक मोजून टाकतात. दुकानातून आणून अंदाजाने टाकीत ओतू नका. पिण्याच्या टाकीत रॉकेल किंवा जळकं ऑइल कधीही टाकायचं नाही. हे लिहावं लागतं, कारण एकाने टाकलं होतं. विहीर, कारंजं, कमळाचं कुंड यांत गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. गप्पींसाठी वॉर्डात विचारून बघा.

७. चावू नये म्हणून

मच्छरदाणी. तिच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि दिवसा झोपणाऱ्या बाळाला तर हवीच. खिडक्यांना जाळ्या लावा, पण संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना दार सताड उघडं ठेवलं तर जाळीचा उपयोग नाही. अंगाला लावायचं मलम घेताना त्यात डीट किंवा पिकारिडिन आहे का ते वाचा. ऑफिसला निघताना घोटे झाका, एडिसला घोटे फार आवडतात. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळू नका, तो धूर तुमच्याच छातीत जातो. डास पळवणारा आवाज काढणारी मोबाइल ॲप्स काहीही करत नाहीत.

८. ताप आला तर

मुंबईत जून ते नोव्हेंबर या काळात आलेला ताप "पाणी बदललं म्हणून" असं म्हणून अंगावर काढू नका. मी चार दिवस काढला. ताप आला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रक्त तपासा. पालिकेच्या दवाखान्यात आणि "आपला दवाखाना" नावाच्या पालिकेच्याच छोट्या दवाखान्यांत मलेरियाची तपासणी मोफत होते. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, त्यानंतर आयजीएम चाचणी करतात. दिवस चुकला की रिपोर्ट फसवा येऊ शकतो, म्हणून ताप कोणत्या तारखेला आला ते लिहून ठेवा. साथीच्या आजारांसाठी पालिकेचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सात रस्त्याजवळ.

सोबत न्या: आधार कार्ड, आधीचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी, ऑफिसचा विमा असेल तर त्याचं कार्ड. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, ताप डासांमुळे येत नाही, पण सुरुवातीला अगदी असाच दिसतो.

सापळा पहिला: अंग दुखतं म्हणून ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टर भेटेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, तेही मात्रेत, आणि भरपूर पाणी, पेज, नारळपाणी.

सापळा दुसरा: ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला असं नाही. ताप उतरतानाचे एक-दोन दिवस जास्त जपायचे. पोटात सारखं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, खूप सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर रात्री दोन वाजताही दवाखाना गाठा. घरात सगळे प्लेटलेटचा आकडा विचारत बसतात. आकडा डॉक्टर बघतील, तुम्ही माणसाकडे बघा. पपईच्या पानांचा रस देण्यात वेळ घालवून दवाखाना लांबवू नका.

रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला डास काही दिवसांनी तोच आजार दुसऱ्याला देतो, आणि तो दुसरा बहुधा घरातलाच असतो.

९. मलेरियाच्या गोळ्या

मलेरियाचा रिपोर्ट आला की त्यावर कोणता ते लिहिलेलं असतं: व्हायवॅक्स की फाल्सिपेरम. दोघांचे उपचार वेगळे, म्हणून मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या किंवा मैत्रिणीचं प्रिस्क्रिप्शन चालत नाही.

माझा व्हायवॅक्स होता. तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. तिसऱ्या दिवशी ताप गेला. सहाव्या दिवशी मी ऑफिसला गेले. प्रायमाक्विनने पोटात मळमळायचं, ट्रेनच्या गर्दीत ते नको वाटायचं, आणि बरी तर झालेच होते. पाकीट ड्रॉवरमध्ये राहिलं. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात लपून झोपतात आणि रक्तातले मेले तरी हे झोपलेले शिल्लक राहतात, हे मला कुणीतरी सांगितलंही असेल, पण मी ऐकलं नसेल. त्यांना मारायला ते चौदा दिवस असतात. घरी जायचं दिवाळीचं तिकीट काढलेलं होतं, आणि मी हुडहुडी भरून त्याच खोलीत पडले होते. आई अकोल्याहून आली आणि पहिल्यांदा तिने ड्रॉवर उघडला.

प्रायमाक्विन पोटभर जेवणानंतर घ्या. सुरू करण्याआधी डॉक्टरांना जी-सिक्स-पीडी तपासणीबद्दल विचारा. ज्यांच्यात हे एन्झाइम कमी असतं त्यांना ही गोळी बाधते. लघवी गडद, चहासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ही गोळी देत नाहीत.

आता बिल्डिंगमध्ये कुणाला व्हायवॅक्स निघाला की मी बॉलपेन घेऊन जाते आणि गोळ्यांच्या पाकिटावर एकेका गोळीखाली तारीख लिहून येते. गेल्या वर्षी बी विंगमधल्या एका मुलाला झाला होता. त्याच्या आईने पाकीट देवघरात ठेवलं, म्हणजे रोज संध्याकाळी नजरेस पडेल. पंधराव्या दिवशी काकू रिकामं पाकीट मला दाखवायला वर आल्या, आणि जाताना खिळ्यावरची किल्ली घेऊन गेल्या. त्या रविवारी टाकी बघायची पाळी त्यांची होती.